नाशिकरोड कारागृहातील शाडूचा गणपती : खरेदीचा अनुभव

गेल्या वर्षी रस्त्यावरच्या एका स्टॉलवरून शाडूची म्हणून घेतलेली मूर्ती दोन दिवस बादलीत राहूनही विरघळली नाही, म्हणून यंदा नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहाच्या विक्री केंद्रातून, बंद्यांनी घडवलेली मूर्ती आणली. ती तासाभरात सुटू लागली. रंग सौम्य, बैठक भक्कम आणि बोटे विशेष निगुतीने काढलेली.

शिक्षा भोगणाऱ्या हातांची मूर्ती देवघरात कशी बसवायची, असे आमच्या आत्याने विचारले. प्रश्न रास्त होता. सुबक मूर्तीमुळे गुन्हा पुसला जात नाही आणि ज्यांच्या घरचे माणूस मारले गेले, त्यांनी असे कौतुक ऐकून घ्यावे अशी अपेक्षा मी करणार नाही. परंतु जन्मठेप झालेला माणूस निदान मजुरी करतो, आणि न्यायालय चुकले असेल तर त्याला परत आणता येते. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील भटक्या जमातींतील ज्या सहा जणांना फाशी ठोठावली, त्यांनाच 2019 मध्ये त्याच न्यायालयाने निर्दोष ठरवले आणि प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई देवविली. मधल्या काळात दोर ओढला गेला असता, तर ती रक्कम कोणाच्या हाती दिली असती?

राज्यघटनेच्या कलम 72 नुसार राष्ट्रपतींना आणि 161 नुसार राज्यपालांना असलेला दयेचा अधिकार म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. फाशीची जन्मठेप झाली तरी अपराध सिद्धच राहतो. दया म्हणजे मोकळीक, असे समजणाऱ्यांशी वाद घालून मी थकलो आहे. आपल्याच शहरात 21 डिसेंबर 1909 रोजी इंग्रज कलेक्टर जॅक्सनचा वध झाला आणि चार महिन्यांच्या आत, 19 एप्रिल 1910 रोजी, अनंत कान्हेरे ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. त्यांच्या नावाच्या मैदानात आज आपण सभा भरवतो. सरकारने दिलेला देहदंड हा शेवटचा निवाडा नसतो, हे नाशिककरांना निराळे सांगायला नको.

आत्याने अखेर दूर्वा वाहिल्या, मात्र आरतीला ती उंबऱ्यापाशीच उभी राहिली. मूर्ती नेण्यासाठी घरून खोके आणि जुनी वर्तमानपत्रे न्यावीत. रिक्षात मांडीवर धरून आणताना मला फार जपावे लागले.