अ‍ॅक्टिव्हाचं इंजिन बांधून घेतलं, नवीन गाडी नाही घेतली : धायरीतल्या गॅरेजचा अनुभव

गाडी 2015 ची अ‍ॅक्टिव्हा 3जी, सत्तर हजार किलोमीटरच्या पुढे गेलेली. तिचं हाफ इंजिनचं काम (म्हणजे खालचं न उघडता फक्त वरचा सिलेंडर, पिस्टन, रिंगा बदलणं) पुण्यात धायरी फाट्याच्या आतल्या बाजूला एका छोट्या गॅरेजमध्ये करून घेतलं, एकूण 6,400 रुपये लागले आणि मी एकदम खूश आहे. ज्यांची गाडी धूर सोडतेय आणि घरात "विकून टाक एकदाची" चालू आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितेय, कारण मी विचारत फिरत होते तेव्हा कुणी नीट सांगत नव्हतं, अर्धे म्हणायचे नवीन घे, उरलेले म्हणायचे चालतीय तोवर चालव.

गाडीला काय होत होतं ते आधी. ऑइल खात होती. या इंजिनात ऑइल बसतंच जेमतेम पाऊण लिटर, त्यातलं दोनशे मिली जरी उडालं तरी तो मोठा वाटा झाला, आणि ऑइल मोजायच्या डिपस्टिकवरची पातळी महिन्याभरात खालच्या खुणेच्या खाली जायची. सकाळी स्टार्ट केली की निळसर धूर, नवले पुलाच्या चढाला अ‍ॅक्सिलरेटर पिळला की परत धूर, पिकअप नाही, आई मागे बसली असेल तर चढावर गाडी नुसती आवाज करायची. अ‍ॅव्हरेज पंचेचाळीसवरून पस्तीसवर आलेलं. प्लग काढला की काळाकुट्ट आणि ओला. यात कंपनीला दोष द्यायचा काही प्रश्नच नाही, दहा वर्षं सिंहगड रोडची धूळ, त्यात पुलाचं काम चालू होतं त्या काळातली धूळ, एवढं खाल्ल्यावर कुठलंही इंजिन झिजणारच.

बाबा म्हणत होते धुराचं काय एवढं, आमची चेतक जन्मभर धूर सोडत होती. त्यांची चेतक टू-स्ट्रोक होती, तिच्यात पेट्रोलमध्येच ऑइल घालायचे त्यामुळे ते जळणारच, धूर येणारच. अ‍ॅक्टिव्हा फोर-स्ट्रोक आहे, हिच्यात ऑइल खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत राहायला पाहिजे, ते वर येऊन जळतंय म्हणजे एकतर पिस्टनभोवतीच्या रिंगा गेल्यात किंवा वाल्वचे सील गेलेत. घरातल्या मोठ्या माणसांना हे नक्की सांगा, नाहीतर "काही होत नाही" ऐकत ऐकत इंजिन एक दिवस ऑइलशिवाय पळून जाम होईल आणि मग हाफ इंजिनवर भागायचं नाही.

आधी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली होती, नाव लिहीत नाही. तिथे गाडी न उघडताच, नुसता धूर बघून, फुल इंजिनचं एस्टिमेट दिलं साडेसतरा हजाराचं, आणि त्याच टेबलावर एक्स्चेंजचा कागद पुढे केला, जुनीचे अठरा हजार धरू, वरचे पैसे भरा आणि नवीन न्या. मला राग याचा आला की क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा खालचा दांडा) बदलायला लागेल हे तुम्ही ठरवलं कशावरून? कंप्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये दाब किती बनतो ते तपासलं नाही, प्लग काढला नाही, नुसतं मीटर वाचलं आणि सत्तर हजार म्हणजे इंजिन संपलं. सत्तर हजारावर इंजिन संपतंच असं नाही, वेळेवर ऑइल आणि एअर फिल्टर बदललेल्या गाड्या याच्या पुढेही आरामात जातात.

मग मैत्रिणीने या गॅरेजचं सांगितलं. पाटीवर फक्त "टू व्हीलर रिपेअर" लिहिलंय, पत्र्याचं शेड, दोन मुलं हाताखाली, आणि काका स्वतः इंजिनाला हात लावतात. मी गेले आणि म्हणलं काका इंजिन गेलंय, तर ते म्हणाले, "ताई, धूर बघून इंजिन काढायचं नसतं, आधी मोजू."

आणि खरंच मोजलं. पहिल्यांदा डाव्या बाजूचं कव्हर उघडून इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे नेणारे बेल्ट आणि रोलर दाखवले, बेल्ट कडेने झिजून बारीक झालेला, रोलर गोल असायला पाहिजेत ते एका बाजूने सपाट झालेले. म्हणजे पिकअप गेला होता त्यातला काही भाग इंजिनाचा नव्हताच. हे फार लोकांच्या लक्षात येत नाही, गाडी ओढत नाही म्हणलं की सगळे इंजिनावर जातात, आणि खरं काम हजार रुपयांच्या बेल्ट-रोलरचं निघतं. तुमची गाडी धूर सोडत नसेल, ऑइल कमी होत नसेल आणि नुसती ओढत नसेल तर आधी हे उघडून बघायला सांगा.

मग प्लग काढून त्या जागी कंप्रेशन गेज लावलं, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरायला सांगितला आणि किका मारल्या. काटा कमीच. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडलं, परत किका मारल्या, आणि काटा चांगलाच वर गेला. काकांनी सांगितलं ते असं की ऑइलमुळे रिंगांच्या फटी थोडा वेळ बुजतात, म्हणून आकडा वाढला तर गळती रिंगा आणि बोअरमधून (सिलेंडरच्या आतल्या भोकातून) आहे, वाढला नाही तर वाल्वमधून किंवा हेड गॅस्केटमधून. दहा मिनिटांचं काम आहे हे. सर्व्हिस सेंटरला एवढं करायला काय हरकत होती.

इंजिन उघडलं तेव्हा मला बोलावून घेतलं, याला माझे पूर्ण मार्क. पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा जाड थर, आणि सिलेंडरच्या आत उभे ओरखडे, बोट फिरवलं तर नख अडकत होतं. काकांनी वरची रिंग काढून बोअरमध्ये सरळ बसवली आणि तिच्या दोन टोकांच्या फटीत फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) पाती घालून दाखवली. नव्या रिंगला ही फट साधारण पाव मिलिमीटरच्या आत असते, माझ्या रिंगेत अर्ध्या मिलिमीटरची पाती अलगद आतबाहेर होत होती. त्यावर वाद घालायला काही उरलंच नाही.

आणि आता जे सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर रिपेअर की नवीन हा निर्णय खरा अवलंबून आहे. ब्लॉक, म्हणजे सिलेंडर काढल्यावर पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड मोकळा उभा राहतो. काकांनी तो दोन बोटांत धरून आधी डावी-उजवीकडे हलवला, थोडा हलला, म्हणाले एवढं पाहिजेच. मग वर-खाली ओढून दाबला, अजिबात खेळ नाही, टक आवाज नाही. मला पण करून बघायला लावलं. मग क्रँक हाताने फिरवला, बेअरिंग गुळगुळीत, घरघर नाही. म्हणजे खालचं इंजिन ठीक, झीज फक्त वरची. रॉडला वर-खाली खेळ असता किंवा बेअरिंग वाजत असतं तर क्रँककेस फोडायला लागली असती आणि खर्च अकरा-बारा हजारावर गेला असता, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं, वर हेही म्हणाले की तसं निघालं तर मी लगेच काम सुरू करणार नाही, घरी विचारून या.

माझं मत यावरून पक्कं झालंय, निर्णय धुरावर किंवा किलोमीटरवर करूच नका, क्रँकवर करा. क्रँक धड असेल तर डोळे झाकून हाफ इंजिन. क्रँक गेला असेल तर थांबून हिशोब करा, कारण 2015 च्या अशा गाडीला बाजारात वीस-बावीस हजार येतात, त्यात बारा हजार घालायचे तर बॉडी, सस्पेन्शन, टायर सगळं कसं आहे ते बघूनच. नवीन घ्यायची तर सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला तरी ऑन-रोड नव्वद हजाराच्या आसपास तयारी ठेवायला लागते, वर हप्ता. माझ्या गाडीचं आरसी 2030 पर्यंत आहे, त्यानंतर पाच वर्षांचं रिन्युअल आणि पर्यावरण कर असेल, ते तेव्हा बघू. इलेक्ट्रिकचा विचार केला होता पण आमच्या जुन्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंटच नाही.

काही जण भंगारातून आख्खं इंजिन आणून बसवायला सांगतात, स्वस्त पडतं म्हणून. ते करू नका. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो, आख्खं इंजिन बदललं की नंबर बदलतो, तो आरटीओत आरसीवर चढवायला लागतो, इन्शुरन्सला कळवायला लागतं, आणि ते इंजिन कुठल्या गाडीचं, चोरीचं तर नाही, कोण सांगणार. ब्लॉक-पिस्टन बदलला तर नंबर तोच राहतो, कागदाचं काहीच काम नाही.

बोअर मारून (जुना सिलेंडर आतून थोडा मोठा करून) ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा पर्याय पण विचारला होता मी, पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा मिळतो. काका म्हणाले या गाडीचा नवीन किटच एवढा महाग नाही की लेथवाल्याच्या हातावर भरवसा टाकावा, पैसे फार वाचत नाहीत. पटलं. ओरिजिनल ब्लॉक-पिस्टन किट नाना पेठेतून आणला 2,750, गॅस्केट आणि वाल्व सील 480, टायमिंग चेन 420, बेल्ट आणि रोलर 970, ऑइल 380, मजुरी 1,400. वाल्व लॅपिंग (वाल्व घासून घट्ट बसवणं) आणि कार्ब्युरेटर सफाई मजुरीतच. किटचा बॉक्स माझ्यासमोर फोडला आणि जुना ब्लॉक, पिस्टन, रिंगा पिशवीत घालून मला परत दिल्या, न मागता.

अजून एक गोष्ट आवडली. या इंजिनाला पंख्याने हवा मारून थंड करतात, त्यासाठी वर प्लास्टिकचं आवरण असतं, त्याचे क्लिप-स्क्रू बरेच मेकॅनिक परत नीट लावत नाहीत आणि मग हवा सिलेंडरवर जातच नाही. काकांनी सिलेंडरच्या बाहेरच्या पट्ट्यांत (फिन्समध्ये) बसलेला चिखल घासून काढला, आवरणाचा तुटलेला क्लिप बदलला आणि मगच इंजिन चढवलं.

तक्रारी पण लिहिते. सांगितलेल्या दिवशी गाडी मिळाली नाही, रोज "उद्या संध्याकाळी", आणि फोन उचलत नाहीत, जाऊनच विचारायला लागतं. बिल वहीच्या पानावर, छापील नाही, ज्यांना ऑफिसात लावायचं असेल त्यांना अडचण. उभं राहायला सावली नाही. कामावर मात्र बोट ठेवायला जागा नाही.

पहिले पाचशे किलोमीटर पन्नासच्या वर जाऊ नका, डबलसीट चढ टाळा आणि पाचशेला ऑइल बदलायला या असं सांगितलं होतं, तसंच केलं. त्या ऑइलमध्ये बारीक चमक दिसते, नवीन रिंगा बसताना निघालेली, घाबरायचं नाही. आता धूर बंद, डिपस्टिकची पातळी हलत नाही, अ‍ॅव्हरेज परत पंचेचाळीसच्या आसपास, आणि नवले पुलाचा चढ आईला घेऊन सहज चढते.

6जी किंवा त्यानंतरची, म्हणजे फ्युएल इंजेक्शनवाली गाडी असेल तर मात्र आधी जाऊन विचारा, काका स्वतःच म्हणाले की त्यांच्याकडे स्कॅनर नाही आणि सेन्सरचं काम ते घेत नाहीत. बाकी गाडी सकाळी दहाच्या आत न्या, दुपारनंतर ते स्पेअर आणायला नाना पेठेत गेलेले असतात.