लव्हाळ्यातून क्षणभर उडालेला पक्षी: दुर्बीण बरी की कॅमेरा?

दलदलीतले पक्षी दिसतात कमी, निसटतात जास्त. पायाशी दचकून उडालेली तापस (बगळ्याच्या कुळातला, गवतात लपून राहणारा पक्षी) दोन-तीन सेकंद उघड्यावर असते आणि पुढच्या पाणकणसांत गडप होते. तेवढ्यात ती ओळखायची, तर आधी पैसे कशात घालावेत? मी दोन्ही वापरतो: ८ बाय ४२ ची दुर्बीण (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिमीची) आणि क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ४०० मिमीची लेन्स.

कॅमेऱ्याची बाजू लंगडी नाही, हे आधीच मान्य करतो. पाणलावेच (इंग्रजीत स्नाइप, लांब चोचीचे दलदलीतले पक्षी) घ्या. कॉमन स्नाइपच्या पंखाच्या मागच्या कडेला ठळक पांढरी पट्टी असते. पिनटेल स्नाइपला ती जवळपास नसतेच, आणि त्याच्या पंखाची खालची बाजू गडद, दाट रेघांची. वेडीवाकडी वळणं घेत पळणाऱ्या पक्ष्याची ही कड नुसत्या डोळ्यानं टिपणं निदान माझ्या आवाक्यातलं नाही. एक बरी फ्रेम मिळाली तर घरी निवांत बघता येते, जाणकाराला दाखवता येते. दुर्बिणीतून पाहिलेल्याला पुरावा आपल्या शब्दाचाच.

पण ती बरी फ्रेम मिळाली तर! माझं घोडं अडतं ते इथेच. पक्षी उडाला, कॅमेरा उचलला, की ऑटोफोकस मधल्या गवताच्या पात्यावर जाऊन बसतो. पात्यावरचा कोळ्याचा धागासुद्धा लख्ख, आणि त्याच्यामागे एक तपकिरी डाग. मग फोकस तिथून सुटतो, पक्ष्याला ओलांडून पार लांब जातो, परत येतो. तोवर पक्षी खाली उतरलेला. फोकस ठरावीक अंतरापुरताच फिरू देणारा लिमिटर लावला, मधलाच एक बिंदू ठेवला, अंतर आधी बांधून पाहिलं. फरक पडतो, पण थोडाच. नव्या कॅमेऱ्यांची पक्षी हेरणारी यंत्रणा उघड्या आभाळात छान चालते, दाट लव्हाळ्यात मला तरी तितकी भरवशाची वाटली नाही. त्यात माझ्या लेन्समधून जेमतेम ३.५ अंशांचा तुकडा दिसतो, दुर्बिणीतून साधारण ७.५ अंशांचा. उडता पक्षी त्या चिंचोळ्या चौकटीत सापडवण्यातच अर्धा वेळ जातो.

दुर्बिणीचं काम सरळ आहे. फोकस आधीच समोरच्या गवताच्या काठावर लावून ठेवायचा आणि पक्ष्यावरची नजर न काढता ती डोळ्यांशी आणायची. बारकावे हुकतात, पण रंगांची मांडणी पक्की दिसते, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पिवळसर पाठीला लागून काळी उड्डाणपिसं दिसली की पिवळी तापस. पंख सलग तांबूस असतील तर लाल तापस. वंचक (तळ्याकाठचा तपकिरी बगळा) उडताक्षणी पांढरे पंख दाखवून मोकळा होतो. फटाकडी (पाणकोंबडीच्या कुळातला छोटा पक्षी) पाय लोंबकळत ठेवून कशीबशी चार हात उडते. पहाटेच्या अंधुक उजेडातही हे सगळं कळतं; त्या वेळी माझ्या फोटोंत दाणेच जास्त असतात.

१० बाय की ८ बाय यावर फार डोकं शिणवू नका. अशा जागी ८ बायचा आवाका मोठा आणि फोकसही जास्त सांभाळून घेणारा.

एकच वस्तू घेणार असाल तर मी दुर्बिणीकडे झुकेन. पाणलाव्यांचाच नाद लागला असेल तर मात्र कॅमेरा घ्या, फक्त गवतात शिरू नका. काठाच्या उंच भागावर थांबा, म्हणजे उडणारा पक्षी मोकळ्या आभाळावर मिळेल.