बुडबुडा पकडायचा कशाने: हायड्रोफोन की दुसरा लेझर?

लेझरच्या पल्सने पाण्यात बुडबुडा करायचा आणि तो किती वेळ टिकला यावरून त्याची त्रिज्या काढायची. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर, काही नॅनोसेकंदांचा पल्स, गाळलेलं डिस्टिल्ड पाणी. फोकसपाशी प्लाझ्मा (अतितप्त, आयनित वायू) पेटतो आणि बुडबुडा फुगतो. पाण्यात धूळ असेल तर एकाऐवजी तीन-चार बुडबुडे होतात. मग मोजमाप विसराच.

हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला मायक्रोफोन, लावायला सोपा. ऑसिलोस्कोपवर सिग्नलची दोन टोकं (उंचवटे) दिसतात: पहिलं प्लाझ्माचं, दुसरं बुडबुडा कोसळल्याचं. मधला काळ १८३ मायक्रोसेकंद असेल, तर हवेच्या साध्या दाबाला कमाल त्रिज्या सुमारे १ मिमी. गोची लहान बुडबुड्यांत आहे. ५० मायक्रॉन त्रिज्येचा बुडबुडा ९ मायक्रोसेकंदांत संपतो, आणि छोट्या क्युव्हेटच्या (पारदर्शक भांड्याच्या) भिंतींवरून येणारे प्रतिध्वनीही त्याच सुमारास पोचतात. खरं टोक कोणतं, कळत नाही. भांडं मोठं घ्या.

लहान बुडबुड्यांसाठी दुसरा लेझर, म्हणजे हीलियम-निऑनचा ६३३ नॅनोमीटरचा प्रोब (तपासणीचा) किरण, सरस. तो फोकसमधून प्रकाश मोजणाऱ्या फोटोडायोडवर पाडायचा. बुडबुडा असेपर्यंत प्रकाश विखुरतो, सिग्नल खाली जातो. डायोडपुढे ६३३चा बँडपास फिल्टर (फक्त तेवढाच प्रकाश आत सोडणारा) हवाच, नाहीतर मुख्य पल्स आणि प्लाझ्माच्या झगमगाटाने डायोड काही काळ आंधळा होतो. जुळवणी मात्र किचकट: किरण थोडा जरी सरकला तरी छोटा बुडबुडा निसटतो. तरी १०० मायक्रॉनखाली प्रोबच वापरावा.