बंदुकीचा वाद मुळातून वाचायचा तर: ‘कॉन्स्टिट्यूशन अ‍ॅनोटेटेड’ साइट कितपत उपयोगी?

अमेरिकेत गोळीबाराची बातमी आली की आपल्याकडे प्रश्न ठरलेला: मग ते घटनाच का बदलत नाहीत? असं विचारणाऱ्याने ‘कॉन्स्टिट्यूशन अ‍ॅनोटेटेड’ ही अमेरिकी घटनेचा कलमवार अर्थ सांगणारी साइट उघडावी. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाचा, संशोधन विभाग ती तयार करतो. पैसे नाहीत, लॉगिन नाही. जाडजूड छापील ग्रंथातला हा मजकूर २०१९ पासून साइटवर सहज शोधता येतो.

सुरुवात दुसऱ्या घटनादुरुस्तीपासून करा, शस्त्र बाळगण्याचा हक्क तिच्यात आहे. मूळ मजकूर इंग्रजीत अवघा २७ शब्दांचा, १७९१चा. त्याखालचे लेख क्रमानेच वाचावेत, कारण शेवटचा आधी उघडला तर काही उमगत नाही. १९३९च्या मिलर खटल्यात प्रश्न होता आखूड नळीच्या शॉटगनचा, आणि तिथे सुप्रीम कोर्टाने त्या शस्त्राचा मिलिशियाशी (नागरिकांच्या सशस्त्र दलाशी) असलेला संबंध पाहिला. २००८च्या हेलर निकालात मात्र ५ विरुद्ध ४ मतांनी हा हक्क व्यक्तीचा ठरला आणि वॉशिंग्टन शहरातली हँडगनबंदी गेली. २०१०च्या मॅकडॉनल्डने तोच हक्क राज्यांवर बंधनकारक केला. २०२२च्या ब्रुएनने कसोटीच बदलली: बंदुकीवरचं बंधन देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतं, हे सरकारने दाखवायचं. खालच्या कोर्टांची त्यावर चांगलीच तारांबळ उडाली. २०२४च्या रहिमी निकालाने ८ विरुद्ध १ मतांनी सांगितलं की जुना कायदा हुबेहूब तसाच असायला हवा असं नाही, तत्त्व जुळलं तरी पुरे. एवढं वाचलं की कळतं, दुरुस्तीतला एक शब्दही न बदलता तिचा अर्थ किती बदलला ते.

साइटची खरी ताकद तळटीपांत आहे. ‘५५४ यू. एस. ५७०’ म्हणजे निकालसंग्रहाचा ५५४वा खंड, पान ५७०. तो आकडा घेऊन सुप्रीम कोर्टाच्या साइटवर मूळ निकाल गाठा. तिथे पहिली काही पानं सारांशाची असतात. ती कोर्टाचा कर्मचारी लिहितो, न्यायाधीश नव्हे, त्यामुळे ती निकाल म्हणून उद्धृत करू नका. विरोधी मतं मात्र जरूर वाचा. हेलरमधलं न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचं मत तर नक्कीच. निवृत्तीनंतर २०१८ मध्ये त्यांनी ही दुरुस्तीच रद्द करा असं जाहीरपणे लिहिलं.

आणखी एक घोळ नेहमी होतो. बम्प स्टॉकचा (बंदूक झपाट्याने झाडता यावी म्हणून लावायच्या जोडभागाचा) २०२४चा कारगिल खटला लोक दुसऱ्या दुरुस्तीत शोधत बसतात. तो वाद मशिनगनच्या कायद्यातल्या व्याख्येचा होता, घटनेचा नव्हे.

घटना बदलण्याची रीत अनुच्छेद ५ मध्ये आहे. दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं, किंवा ३४ राज्यांच्या मागणीवरून परिषद. नंतर ३८ राज्यांची मंजुरी. म्हणजे १३ राज्यं अडून बसली की विषय संपला. परिषदेच्या वाटेने आजवर एकही दुरुस्ती सुचवली गेलेली नाही. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये बंदूक नियंत्रणासाठी याच वाटेने परिषदेची मागणी करणारा ठराव केला. साइटवरची ही माहिती नेमकी आहे, पण रुक्ष. राजकारण कुठे अडतं, याचा पत्ता लागत नाही. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद शेजारी शेजारी हवे असतील तर फिलाडेल्फियाच्या नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटरची साइट सरस. तिथे वेगळ्या मतांचे दोन अभ्यासक आधी एकत्र आणि मग स्वतंत्रपणे लिहितात.

मोठी उणीव राज्यांची. बहुतेक राज्यांच्या स्वतःच्या घटनांतही शस्त्राचा हक्क आहे (आयोवाने तो २०२२ मध्ये घातला, न्यू जर्सीत नाही), म्हणजे दुसरी दुरुस्ती उद्या रद्द झाली तरी तो तिथे उरेलच. ते इथे सापडणार नाही. तिकडच्या मराठी मंडळींना ज्याची खरी गरज, तेही या लेखांत शोधू नये: एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्याला फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला साधारणपणे मनाई आहे, वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून. ग्रीन कार्डधारकाला ही बंदी लागू नाही, पण राज्याचे नियम वेगळे. ते राज्य पोलिसांच्या साइटवरच बघा.