व्हीआरएसनंतर मेडिक्लेम "पोर्ट" करून देतो म्हणाला आणि आम्ही फसलो

ह्यांनी व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली, पिंपरीची कंपनी, २२ वर्षं नोकरी. फंड, ग्रॅच्युइटी सगळं चार चार वेळा मोजलं पण शेवटच्या दिवशी ऑफिसचा ग्रुप मेडिक्लेमही संपतो हे डोक्यातच आलं नाही. ह्यांना शुगर आहे बरीच वर्षं, म्हणून कळल्यावर घाबरलोच.

सोसायटीतल्या ओळखीने एक एजंट आला. वहिनी वहिनी करत चहा पिऊन गेला. म्हणे ग्रुप पॉलिसीची सगळी वर्षं धरून मी दुसऱ्या चांगल्या कंपनीत पोर्ट करून देतो, म्हणजे पॉलिसी तिकडे हलवून देतो, शुगरला वेटिंग, म्हणजे क्लेमसाठी थांबणं, लागणार नाही. शुगरच्या फाईली मी स्वतः दाखवल्या त्याला, तो म्हणाला राहू द्या, पोर्टमध्ये जुना रेकॉर्ड आपोआप येतो. फॉर्म त्यानेच मोबाईलवर भरला, ओटीपी आला तो ह्यांनी वाचून दाखवला. मग सांगितलं कंपनीचा कॉल येईल, काही आजार आहे का विचारतील, नाही म्हणा, नाहीतर सिस्टीममध्ये अडकतं. आणि ह्यांनी नाही म्हणलं. ही चूक आमचीच, लपवत नाही.

प्रीमियम ४१ हजार. पॉलिसी काही आली नाही, विचारलं की म्हणायचा कार्ड आलंय ना, मग झालं. नंतर कळलं फॉर्मवर ईमेल त्याचाच टाकलेला.

आठव्या महिन्यात ह्यांच्या छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी करावी लागली. कॅशलेस नाकारलं. बिल २ लाख ८५ हजार, एफडी मोडून भरलं. नंतर क्लेम टाकला तर पत्र आलं की मधुमेह लपवला म्हणून क्लेम नामंजूर आणि पॉलिसीही रद्द. तेव्हा पहिल्यांदा पॉलिसीची पीडीएफ मागवून बघितली. पोर्टबिर्ट काही नाही, कोरी नवीन पॉलिसी! जुन्या पॉलिसीच्या रकान्यात काहीच नाही, आणि पहिली पॉलिसी कधीपासून तर ही नवीन घेतली त्याच महिन्यापासून. मी ते पान हातात घेऊन कितीतरी वेळ नुसती बसून होते.

खरी गोष्ट अशी की नोकरी सुटताना ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीच्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसी मागता येते, त्याला मायग्रेशन म्हणतात, मागची वर्षं त्यात धरली जातात. अर्ज मात्र कव्हर संपायच्या निदान महिनाभर आधी करायचा. एचआरने तसा मेल ह्यांना केला होता म्हणे, पण ऑफिसच्या आयडीवर, आणि तो आयडी शेवटच्या दिवशीच बंद. नवीन पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, शुगर खरी लिहिली असती तर तेवढंच झालं असतं, पॉलिसी तरी राहिली असती. आणि पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत आवडली नाही तर परत करता येते, म्हणूनच बहुतेक पीडीएफ आमच्यापर्यंत येऊच दिली नाही, असा माझा अंदाज आहे.

तुमच्याकडे असं काही चालू असेल तर आजच पॉलिसी काढा आणि फॉर्मची कॉपी पण मागा, आजारांच्या प्रश्नांसमोर काय टिक केलंय ते स्वतः बघा. मोबाईल, ईमेल आपलाच आहे ना बघा. एजंट पोर्ट म्हणाला तर जुन्या पॉलिसीची तारीख नवीन पॉलिसीवर छापलेली दाखव म्हणा.

आम्ही कंपनीच्या तक्रार विभागात लिहिलं, त्यांनी नाहीच म्हणलं. मग विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अर्ज केला, पुण्यातच ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, कंपनीने नाही म्हणल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. एजंटचे व्हॉट्सॲप मेसेज मी डिलीट केले नव्हते तेवढं बरं झालं, "शुगर लिहायची गरज नाही वहिनी" हा त्याचा मेसेज प्रिंट काढून जोडलाय. सुनावणी अजून व्हायचीय, ह्यांनी फोनवर नाही म्हणल्याचं रेकॉर्डिंग कंपनीकडे आहे त्यामुळे काय होईल सांगता येत नाही.

परवा आमच्याच बिल्डिंगमध्ये एका मुलाची आयटीतली नोकरी गेली. संध्याकाळी जिन्यात हाच एजंट भेटला, हातात फाईल, त्यांच्याकडेच चाललेला. मी त्याच्या मागोमाग गेले आणि बेल मीच वाजवली.