पेन डिस्प्ले घेताना होणारी फसवणूक: कर्सर हलतो, दाब मात्र लागत नाही

वापरलेला १६ इंची पेन डिस्प्ले, म्हणजे संगणकाला जोडून पेनाने थेट चित्र काढायचा पडदा. विक्रेत्याने पाठवलेल्या व्हिडिओत पडदा स्वच्छ, पेनामागे कर्सर पळतोय, मेनू उघडतोय, रेघही उमटतेय. पैसे चुकते होतात, वस्तू हातात येते आणि पहिल्याच स्केचला कळतं की पेन अलगद टेकवा की जोर लावा, रेघ एकाच जाडीची येते. तक्रार केली की ठरलेलं उत्तर मिळतं, "ड्रायव्हर परत टाकून बघा." मग ड्रायव्हर (डिस्प्ले आणि पेन संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर) काढण्या-घालण्यात दिवस जातात आणि परत करण्याची मुदत उलटते.

ही लबाडी खपते, कारण पेन कुठे आहे हे ओळखणं आणि तो किती दाबला जातोय हे मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत. बिनबॅटरीच्या पेनात तारेचं वेटोळं असतं. पडद्यामागच्या सेन्सर बोर्डाच्या चुंबकीय क्षेत्रातून त्याला ऊर्जा मिळते, ते उलट सिग्नल देतं आणि बोर्डाला जागा समजते. त्यासाठी निब (पेनाचं टोक) टेकावीही लागत नाही. दाब मोजणारा नाजूक भाग निबच्या मागे असतो. पेन टोकावर पडला की नेमका तोच बिघडतो. मग एक तर जोर लावल्याशिवाय रेघ सुरू होत नाही, किंवा पेन न टेकताच रेघा ओढत सुटतो. कर्सर मात्र दोन्ही वेळा छान हलतो, आणि व्हिडिओत तेवढंच दाखवलेलं असतं.

दोष ड्रायव्हरचा की पेनाचा, हे ठरवायला दहा मिनिटं पुरतात. आधीच्या कोणत्याही टॅबलेटचा (पेनाने चित्र काढायच्या पाटीचा) ड्रायव्हर काढून टाका, कारण दोन कंपन्यांचे ड्रायव्हर एकमेकांत अडकतात. संगणक रीस्टार्ट करून त्या मॉडेलचा ड्रायव्हर टाका आणि त्याच्याच सेटिंगमधली दाबाची चाचणी उघडा. तिथे दाबाची पट्टी अलगद स्पर्शापासून पूर्ण जोरापर्यंत सलग चढली, पण चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघ सपाटच आली, तर पेन ठीक आहे. विंडोज इंकचं (विंडोजमधल्या पेनाच्या सोयीचं) सेटिंग बदलून बघा आणि ब्रशला पेनाचा दाब जोडलेला आहे ना ते तपासा. क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये टॅबलेट सेटिंगखाली वेगळा टॅबलेट टेस्टर आहे, तोही वापरा. पण ड्रायव्हरच्या चाचणीतच पट्टी हलली नाही किंवा एकदम शंभर टक्क्यांवर उडी मारत असेल, तर निब बदलून एकदा बघा. तरीही तसंच राहिलं तर वस्तू परत करा. विक्रेत्याच्या सांगण्यावरून पुन्हा ड्रायव्हर टाकत बसू नका.

दुसरा प्रकार पेन बदलून देण्याचा. वॅकॉम कंपनीचे नवे-जुने पेन दिसायला जवळचे, पण प्रत्येक पेन प्रत्येक डिस्प्लेवर चालत नाही. ह्युऑन आणि एक्सपी-पेन या कंपन्यांतही प्रत्येक मालिकेला ठरावीक पेन लागतो. म्हणून डिस्प्लेच्या मागच्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक आणि पेनाचा मॉडेल क्रमांक दोन्ही मागवा आणि कंपनीच्या यादीशी जुळवा. सोबत मूळ केबल आहे का तेही विचारा. यूएसबी-सीची केबल दिसली म्हणून चित्र येईलच असं नाही, नुसत्या चार्जिंगच्या केबलमधून व्हिडिओ जात नाही आणि लॅपटॉपच्या पोर्टमध्येही ती सोय असावी लागते.

पडद्याखालचा सेन्सर तपासायला मोजपट्टी ठेवून तिरकी रेघ अगदी सावकाश ओढायची. सगळीकडे नागमोडी आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पुन्हा ओढा, चार्जरमुळेही पेन थरथरतो. ठरावीक जागीच वाकडी येत असेल किंवा तुटत असेल तर बोर्डात दोष असण्याची शक्यता मोठी. कर्सर सगळीकडे सारखाच सरकलेला असेल तर कॅलिब्रेशनने (पेन आणि कर्सरची जागा जुळवून घेण्याने) सुटतं. थरथर मात्र कॅलिब्रेशनने जात नाही.

नव्या मालातही फसवतात. बिनपडद्याच्या टॅबलेटच्या फोटोवर रंगीत चित्र चिकटवलेलं असतं आणि घेणाऱ्याला वाटतं, हाच पडदा. तपशिलात एचडीएमआय (चित्र नेणारी जोडणी) किंवा पडद्याचं रेझोल्यूशन नसेल, फक्त "५०८० एलपीआय" आणि "८१९२ दाबपातळ्या" असतील, तर तो डिस्प्ले नाही. एलपीआय हा पेनाच्या जागेचा बारकावा आहे, चित्राचा नाही. दाबपातळ्यांच्या आकड्यावरही भाळू नका. रेघ किती हलक्या स्पर्शाला सुरू होते, ते हाताला जास्त जाणवतं.

"सर्व स्क्रीनवर चालणारा" स्टायलस म्हणजे बहुधा बोटाची नक्कल करणारी रबरी किंवा चकतीची टोकं, त्यात दाब मुळीच नसतो. आयपॅडसाठीच्या स्वस्त पेनांत बऱ्याचदा पेन कलल्याचं कळतं, दाब कळत नाही. खुद्द ॲपलच्या २०२३ च्या यूएसबी-सी पेन्सिलमध्येही दाबाची सोय नाही, त्यामुळे कंपनीचं नाव बघून निर्धास्त होऊ नका.

पैसे देण्याआधी रेकॉर्ड केलेला नाही, थेट व्हिडिओ कॉल मागा. ड्रायव्हरची दाबाची चाचणी उघडून पेन हळूहळू दाबायला सांगा, मग चारही कोपऱ्यांत रेघा, मग पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा. टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच सोडा. पार्सल आलं की लेबलपासून पेनाच्या पहिल्या रेघेपर्यंत एकसलग व्हिडिओ करा आणि दाबाची चाचणी होईपर्यंत पडद्यावरची फिल्म काढू नका.