आईला गावी ठेवू की बेळगावात आणू?

मार्च 2020 चा शेवटचा आठवडा. कोरोनामुळे 25 तारखेपासून 21 दिवसांचं लॉकडाऊन लागलेलं आणि आमच्या घरात एकच विषय: साखरेचा त्रास असलेली 72 वर्षांची आई खानापूरकडच्या गावीच राहू दे, की बेळगावात, शहापुरातल्या घरी आणायची?

शहापुरात औषधाचं दुकान दोन गल्ल्यांपलीकडे, सिव्हिल हॉस्पिटल रिक्षाच्या अंतरावर. पण घरं भिंतीला भिंत लागलेली, त्यात धाकटा भाऊ नुकताच पुण्याहून आलेला. ताप नाही, खोकला नाही. तरी लक्षणं दिसायला 14 दिवसही लागू शकतात हे वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. देशातला कोरोनाचा पहिला बळी आपल्याच कर्नाटकातला, कलबुर्गीचा, 76 वर्षांचा. आईच्याच वयाचा म्हणायचा.

गावी परस मोठं, माणसं कमी, भाजी शेतातली. धोका एकच, पण मोठा: इन्सुलिन संपलं तर? आणि वीज गेली की फ्रीज बंद. (ओल्या मातीच्या मडक्यात ते थंड राहतं, हे डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तेव्हा केवढा धीर आला.)

मी गाव निवडलं. महिन्याभराचं इन्सुलिन दुधाच्या गाडीतून पोचवलं. आई फोनवर म्हणाली, "तू येऊ नको बाळा. धाकट्याला आधी वेगळं झोपव."